डच नगरपरिषदेची निवडणूक: मत कुणाला जातं, जागा कशी ठरते आणि पहिला आलेला पक्ष बाहेर का बसतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतीय पासपोर्ट, नेदरलँड्समध्ये सहा वर्षं, घर अम्स्टरडॅमशेजारच्या अम्स्टेलफेनला. नगरपरिषदेच्या निवडणुकीचा 'स्टेमपास', म्हणजे मतदानाचं पत्र, टपालानं घरी आला आहे. नागरिकत्व नसताना हे पत्र आलं कसं? डझनभर पक्षांत एखाद्या लहान पक्षाला दिलेलं मत वाया जातं का? आणि २०२२ साली हेगमध्ये सगळ्यात जास्त जागा मिळवलेला पक्ष सत्तेत का बसला नाही?

आधी नेमकी उत्तरं देतो. पत्र तुमचंच आहे. लहान पक्षाचं मत बहुतेक वेळा वाया जात नाही, पण किती लहान हे पाहावं लागतं, आणि ते मोजता येतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही सगळी पद्धतच. इथे निवडणूक 'जिंकली' असं फक्त मथळ्यात म्हणतात. सत्ता जागांच्या बेरजेतून येते, आणि बेरीज कुणाची कुणाशी होते याची बोलणी मतदानानंतर सुरू होतात.

कोणाला मत देता येतं

१९८६ पासून परदेशी नागरिकांना नगरपरिषदेसाठी मताचा हक्क आहे. युरोपीय संघाच्या नागरिकाला रहिवासी असणं पुरतं. संघाबाहेरच्यांसाठी, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी, सलग ५ वर्षं कायदेशीर वास्तव्याची अट आहे. ही ५ वर्षं देशातली मोजतात, एकाच गावातली नाही. तीन वर्षं आइंडहोव्हनला आणि अडीच अम्स्टेलफेनला राहिलात, तरी चालतं.

अट मोजायचा दिवस मतदानाचा नसतो, उमेदवारी अर्जांचा असतो. तो मतदानाच्या ४४ दिवस आधी येतो. १८ मार्च २०२६ च्या मतदानासाठी तो २ फेब्रुवारी होता. वय मात्र मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण हवं. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. नोकरी बदलताना किंवा परमिटचा प्रकार बदलताना दोन परमिटांच्या मध्ये कायदेशीर वास्तव्यात खंड पडला असेल, तर ५ वर्षांची मोजणी नव्यानं सुरू होते. आणि अर्जांच्या दिवसानंतर गाव बदललं, तर मत जुन्या गावातच द्यावं लागतं. दूतावासातल्या राजनैतिक कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना हा हक्क नाही, मग ते हेगमध्ये कितीही वर्षं राहिलेले असोत.

नाव नोंदवायला कुठेही जावं लागत नाही. रहिवासी नोंदवहीत तुमचा पत्ता बरोबर असला की स्टेमपास मतदानाच्या किमान १४ दिवस आधी आपोआप येतो. हा हक्क नगरपरिषदेसाठी आहे (अम्स्टरडॅममध्ये त्याच दिवशी होणाऱ्या विभाग समित्यांसाठीही तो चालतो). संसदेच्या आणि प्रांताच्या निवडणुकीला डच नागरिकत्व लागतं, म्हणून त्या वेळी पत्र आलं नाही तर तक्रार करण्यात अर्थ नाही.

मतदानाचा दिवस

केंद्रं सहसा सकाळी साडेसातला उघडतात आणि रात्री नऊला बंद होतात. आपल्या गावातल्या कोणत्याही केंद्रावर जाता येतं, ठरलेलं केंद्र नसतं. मूळ स्टेमपास आणि ओळखपत्र दोन्ही लागतात. नुसता पासपोर्ट दाखवून मत देता येत नाही. पत्र हरवलं, तर आदल्या दिवशी दुपारी १२ पर्यंत नगरपालिकेच्या खिडकीवर दुसरं मिळतं. त्यानंतर काही उपाय उरत नाही.

मतपत्रिका टेबलभर पसरणारी असते. पक्षांच्या याद्या उभ्या स्तंभांत आणि प्रत्येक नावासमोर एक गोल. त्यातला एकच गोल लाल पेन्सिलीनं भरायचा. दोन गोल भरले की मत बाद. नाव, सही किंवा मतदार ओळखता येईल अशी कोणतीही खूण केली तरी बाद. कोरी पत्रिका हजेरीत मोजली जाते, पण जागांच्या हिशेबात तिला किंमत नाही. पक्षाच्या नावावर शिक्का मारायची सोयच नाही, प्रत्येक मत एका माणसाच्या नावावर पडतं. पुढे यातूनच सगळी गंमत होते.

स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला मुखत्यार करता येतं. स्टेमपासच्या मागे त्याचं नाव लिहून दोघांनी सही करायची आणि आपल्या ओळखपत्राची प्रत द्यायची, ती फोनवर दाखवली तरी चालते. मुखत्यार त्याच गावचा मतदार हवा. त्यानं हे मत स्वतःच्या मताबरोबरच टाकायचं, आणि एका माणसाला फार तर अशी २ मतं टाकता येतात. आपल्या मंडळांमध्ये एक प्रकार भोळेपणानं होण्याची शक्यता असते, त्याबद्दल सावध करतो. 'तुम्हाला वेळ नसेल तर तुमचे पास माझ्याकडे द्या' असं सांगत घरोघरी फिरणं हा इथे गुन्हा आहे. मुखत्यारपत्र मतदारानं आपण होऊन द्यायचं असतं, कुणी ते गोळा करायचं नसतं.

जागा कशा वाटतात

परिषदेचा आकार लोकसंख्येवरून कायद्यानं ठरतो. सगळ्यात लहान गावात ९ जागा, २ लाखांवरच्या शहरात ४५. अम्स्टेलफेन ८० हजार ते १ लाखाच्या गटात येतं, म्हणून तिथे ३७. संख्या नेहमी विषम असते. गावाचे वॉर्ड पाडत नाहीत. संपूर्ण गाव हा एकच मतदारसंघ असतो, आणि 'आमच्या भागाचा नगरसेवक' ही कल्पनाच इथे बसत नाही.

वैध मतांना जागांनी भागलं की एका जागेची किंमत निघते. तिला इथे कोटा म्हणू. समजा ३७ जागांच्या परिषदेत ३७,००० वैध मतं पडली. कोटा झाला १,०००. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, आठ याद्यांचे:

अ ९,७००, ब ७,८५०, क ६,४००, ड ४,९००, इ ३,३००, फ २,३००, ग १,६५०, ह ९००.

पूर्ण कोट्यांच्या जागा आधी वाटायच्या: ९, ७, ६, ४, ३, २, १ आणि ह ला शून्य. बेरीज ३२. उरल्या ५. खरी चुरस या पाचांची असते.

१९ किंवा जास्त जागांच्या परिषदेत उरलेली जागा सर्वांत मोठ्या सरासरीला जाते. प्रत्येक यादीची मतं 'मिळालेल्या जागा अधिक एक' या संख्येनं भागायची. अ चं ९,७०० भागिले १०, म्हणजे ९७०. ब चं ७,८५० भागिले ८, म्हणजे ९८१. ड चं ४,९०० भागिले ५, म्हणजे ९८०. क चं ९१४. इ आणि ग दोघांचं ८२५, फ चं ७६७. आणि ह चं ९०० भागिले १, म्हणजे ९००. पहिली उरलेली जागा ब ला, दुसरी ड ला, तिसरी अ ला, चौथी क ला. एकेक जागा वाढल्यामुळे आता अ ची नवी सरासरी ८८२ आणि ब ची ८७२ झाली. ह अजून ९०० वर आहे, म्हणून पाचवी जागा ह ला. शेवटचं चित्र: १०, ८, ७, ५, ३, २, १, १.

यातून तीन गोष्टी दिसतात. ह ला एकही पूर्ण कोटा नव्हता, तरी जागा मिळाली. संसदेच्या निवडणुकीत असं होत नाही, तिथे एक पूर्ण कोटा गाठावाच लागतो. दुसरं, ग कडे कोट्यावर ६५० मतं शिल्लक होती आणि क कडे फक्त ४००, तरी जागा क ला गेली. सरासरीची पद्धत मोठ्यांच्या बाजूला झुकते ती अशी. तिसरं, मत वाया जाण्याची रेषा कुठे आहे ते कळतं. ३७ जागांच्या गावात एक जागा म्हणजे सुमारे २.७ टक्के मतं, आणि रेषा त्याच्या थोडी खाली पडते. ४५ जागांच्या शहरात एक जागा २.२ टक्क्यांना पडते. मागच्या निवडणुकीत ज्या यादीला २ किंवा जास्त जागा होत्या, तिला दिलेलं मत वाया जाण्याची भीती सहसा नको. ज्या नव्या यादीबद्दल गावात कुणी बोलतही नाही, तिची गोष्ट वेगळी.

१९ पेक्षा कमी जागांच्या गावात पद्धत बदलते. तिथे उरलेली जागा सर्वांत मोठ्या शिलकीला जाते, मात्र यादीनं कोट्याच्या ७५ टक्के तरी मतं मिळवलेली हवीत. वरचेच आकडे तुलनेसाठी या पद्धतीत टाकून पाहा. शिलका अशा: ड आणि ह ९००, ब ८५०, अ ७००, ग ६५०. पाच जागा संपल्या. क ची सातवी जागा गेली आणि ग ला दुसरी मिळाली. मतं तीच, निकाल वेगळा. २० हजार लोकवस्तीची रेषा ओलांडून गाव १७ वरून १९ जागांवर जातं, तेव्हा लहान पक्षांचे हिशेबनीस उगाच अस्वस्थ होत नाहीत.

पूर्वी दोन-तीन पक्ष आपल्या याद्या हिशेबापुरत्या जोडून उरलेली जागा खेचू शकत. डिसेंबर २०१७ पासून ती सोय बंद झाली. तेव्हापासून शेजारच्या विचारांच्या लहान पक्षांपुढे दोनच वाटा आहेत. एकच सामाईक यादी द्यायची, नाहीतर शिलकी मतांवर पाणी सोडायचं. ग्रूनलिंक्स हा डावा पर्यावरणवादी पक्ष आणि मजूर पक्ष कित्येक गावांत एकत्र यादी देत आले आहेत, त्यामागे विचारांची जवळीक आहेच, पण हे गणितही आहे. सरासरी किंवा शिल्लक अगदी सारखी आली तर चिठ्ठी टाकतात.

यादीतलं कोणतं नाव

बहुसंख्य लोक पहिल्या नावासमोरचा गोल भरतात. माझ्या मते हा मताचा अर्धाच उपयोग आहे. मत आधी यादीला मोजतात आणि मग माणसाला. यादीतल्या चौदाव्याला मत दिलं तरी पक्षाचं काहीच कमी होत नाही.

पक्षाला ५ जागा मिळाल्या, तर एरवी पहिले पाच जण निवडून येतात. पण १९ किंवा जास्त जागांच्या परिषदेत कोट्याच्या २५ टक्के व्यक्तिगत मतं मिळवणारा उमेदवार यादीतला क्रम तोडून वर येतो. वरच्या उदाहरणात ही मर्यादा फक्त २५० मतांची आहे. लहान परिषदांमध्ये ती ५० टक्के असते. ड च्या यादीत चौदाव्या क्रमांकाच्या उमेदवारानं २६० मतं घेतली, तर तो परिषदेत जातो आणि पाचव्या क्रमांकावरचा बाहेर राहतो. मर्यादा ओलांडणारे एकाहून जास्त असतील, तर ज्याची मतं जास्त त्याचा नंबर आधी. अट एवढीच की यादीला जागा मिळालेली हवी.

२५० मतं म्हणजे काय, याचा अंदाज अम्स्टेलफेनमधल्या भारतीय कुटुंबांच्या संख्येवरून कुणालाही येईल. राजकीय पक्षांना तो आधीच आलेला आहे. म्हणूनच याद्यांत मध्यावर आणि शेवटी भारतीय, जपानी, तुर्की, सुरीनामी नावं दिसतात. यात एक मेख आहे. यादीच्या अगदी तळाशी असलेली प्रसिद्ध व्यक्ती पुष्कळदा फक्त मतं ओढण्यासाठी उभी असते, निवडून आली तरी जागा नाकारते. मतं यादीलाच राहतात आणि जागा दुसऱ्याला जाते. म्हणून आपल्या माणसाला मत द्यायचं ठरवलं, तर त्याला आधी सरळ विचारा: मर्यादा पार केली तर जागा घेणार का? आणि समाजाची मतं चार पक्षांतल्या चार नावांवर वाटली गेली, की चौघेही दीडशेवर अडकतात.

हाच नियम 'स्टेम ऑप एन फ्राउ' ('स्त्रीला मत द्या') या मोहिमेनं स्त्रियांसाठी वापरला. तिचा सल्ला असा की पहिल्या स्त्रीला नको, पक्षाला जितक्या जागा अपेक्षित आहेत त्या रेषेच्या खालच्या स्त्रीला मत द्या. वरची तर निवडून येणारच असते.

पक्षांची चुरस

टीव्हीवरच्या राष्ट्रीय नेत्याकडे पाहून गावात मत द्यायचं, ही सवय डच मतदारांनाही आहे. स्थानिक पक्ष तिच्यावरच टीका करून वाढले. २०२२ मध्ये देशभरात एक तृतीयांशाहून जास्त मतं अशा पक्षांना पडली, जे त्या गावाबाहेर अस्तित्वातच नाहीत. हा काही एकसंध गट नाही. कुठे तो जुन्या पक्षातून फुटलेला नगरसेवक असतो, कुठे एका खेड्याचं विलीनीकरण थांबवायला निघालेली माणसं, कुठे व्यापाऱ्यांची यादी. 'स्थानिक' या शब्दावरून डावा की उजवा ते कळत नाही. अर्थसंकल्पावर त्यांनी काय मत दिलं, ते पाहिल्यावर कळतं.

सगळ्यांत मोठा धक्का रॉटरडॅमनं दिला. मार्च २००२ मध्ये पिम फोर्टाउन या स्थलांतरविरोधी नेत्याच्या लेफबार रॉटरडॅम या स्थानिक पक्षानं पहिल्याच निवडणुकीत ४५ पैकी १७ जागा घेतल्या आणि महायुद्धानंतर तिथे कायम पहिला असलेला मजूर पक्ष दुसरा झाला. तो पक्ष फोर्टाउन यांच्या हत्येनंतरही टिकला, आणि २०२२ मध्येही पहिला आला. त्याच २०२२ मध्ये रॉटरडॅममध्ये मतदान ३९ टक्क्यांच्या आसपास झालं, देशभरात सुमारे ५१ टक्के. इतक्या कमी मतदानात दोन-अडीचशे संघटित मतांचं वजन केवढं होतं, ते वरच्या उदाहरणावरून कळेलच.

राष्ट्रीय पातळीवरचा मोठा पक्ष गावात दिसेलच असं नाही. कडव्या उजव्या खेर्ट विल्डर्स यांच्या पीव्हीव्ही पक्षाचे एकमेव सदस्य ते स्वतःच आहेत. शाखा नाहीत, कार्यकर्त्यांची फळी नाही, म्हणून हा पक्ष २०१० आणि २०१४ मध्ये फक्त आल्मेर आणि हेगला लढला, २०१८ मध्ये ३० गावांत. उलट सीडीए (ख्रिश्चन लोकशाहीवादी), व्हीव्हीडी (उजवे उदारमतवादी) किंवा मजूर पक्षाची ताकद शाखांमध्ये आहे, आणि सदस्य म्हातारे होत चालल्यानं तीच त्यांची अडचणही झाली आहे: यादी भरायला माणसं मिळत नाहीत. कट्टर प्रोटेस्टंट एसजीपी काही पट्ट्यांत भक्कम, बाकी देशात जवळजवळ नाही. २०१४ मध्ये व्लिसिंगेनला त्या पक्षाची पहिली महिला नगरसेवक निवडून आली, तीही अनेक वर्षांच्या न्यायालयीन वादानंतर.

नवी यादी काढणं फारसं महाग नाही. नोटरीकडे संघटनेची घटना, व्यापार नोंदणी, पक्षनावाच्या नोंदणीसाठी ११२.५० युरो आणि उमेदवारीसाठी २२५ युरो अनामत. अम्स्टेलफेनच्या आकाराच्या गावात २० मतदारांनी नगरपालिकेत जाऊन अधिकाऱ्यासमोर पाठिंब्याची सही करायची. नावाच्या नोंदणीची मुदत मतदानाच्या ८६ दिवस आधी, म्हणजे ऐन नाताळात संपते, आणि नवखे तिथेच चुकतात. मुदत हुकली तरी यादी देता येते, पण मतपत्रिकेवर तिच्या डोक्यावर पक्षाचं नाव नसतं, आणि बिननावाच्या स्तंभाकडे मतदार ढुंकूनही पाहत नाहीत. ५ वर्षांची अट पूर्ण केलेला परदेशी नागरिक उमेदवारही होऊ शकतो.

पहिला आला, मग बाहेर का

३७ जागांत बहुमत १९ चं, ४५ जागांत २३ चं. वरच्या उदाहरणात अ कडे १० जागा आहेत. त्याला आणखी ९ हव्यात. ब, क आणि ड यांची बेरीज २० होते. या तिघांनी ठरवलं तर अ चार वर्षं विरोधात बसतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. पहिल्या पक्षाला बोलणी सुरू करायचा पहिला मान द्यायची रीत आहे, नियम नाही.

हेगमध्ये २०२२ ला नेमकं हेच झालं. हार्ट फोर डेन हाख या स्थानिक पक्षाला ४५ पैकी ९ जागा मिळाल्या, तो पहिला आला. पण त्याच्या नेत्यावर तेव्हा भ्रष्टाचाराचा खटला चालू होता, आणि इतरांनी त्याच्याशिवाय बहुमत जुळवलं. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं त्या नेत्याला निर्दोष ठरवलं, पण इतरांचं सत्ताधारी मंडळ तोवर केव्हाच बसलं होतं. त्या पक्षाच्या मतदारांना हा अन्याय वाटला. हिशेबानं पाहिलं तर ९ जागा म्हणजे पाचातला एक मतदार, उरलेले चार दुसरीकडे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याच वर्षी अम्स्टरडॅममध्ये मजूर पक्ष ९, ग्रूनलिंक्स ८ आणि डी-६६ या उदारमतवादी पक्षाचे ७ मिळून २४ झाले, आणि परिषदेत १२ पक्ष असूनही तिघांत काम भागलं.

बोलणी अशी चालतात. आधी एक अनुभवी, सहसा बाहेरचा माणूस सगळ्या गटनेत्यांना भेटून कोण कुणाबरोबर बसेल ते तपासतो आणि अहवाल देतो. मग ठरलेले पक्ष करार लिहितात आणि खाती वाटतात. खातं सांभाळणाऱ्याला वेटहाउडर म्हणतात. तो नगरपरिषदेचा मंत्री समजा. त्यांची संख्या परिषदेच्या जागांच्या पंचमांशापर्यंत असते, अर्धवेळ असतील तर चतुर्थांशापर्यंत. २००२ पासून वेटहाउडर परिषदेचा सदस्य राहू शकत नाही. नगरसेवक त्या पदावर गेला की यादीतला पुढचा माणूस परिषदेत येतो, म्हणून मतदानाच्या रात्री हरलेले काही जण जूनमध्ये नगरसेवक झालेले दिसतात. वेटहाउडर गावाबाहेरूनही आणता येतो. महापौर तर निवडणुकीत नसतोच. परिषद नाव सुचवते, सरकार ६ वर्षांसाठी नेमतं. त्यामुळे 'महापौर बदला' ही घोषणा इथे मतपेटीतून पुरी होत नाही.

परिषद मुदतीआधी बरखास्त होत नाही. युती मोडली, वेटहाउडरवर अविश्वास ठराव झाला, तरी त्याच ३७ जणांतून नवं बहुमत काढावं लागतं. आणि नगरसेवकाची जागा पक्षाची नसते, त्याची स्वतःची असते. संविधानानुसार तो कुणाच्या आदेशाला बांधलेला नाही. पक्ष सोडला तर तो जागा घेऊन जातो आणि एकट्याचा गट काढतो. पक्षांतरबंदीची सवय असलेल्या आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटेल, आणि स्थानिक पक्षांत हे वारंवार घडतं. म्हणून मागच्या चार वर्षांत कोणत्या गटाचे किती तुकडे झाले, हे मत देण्याआधी बघण्यासारखं असतं.

मग निवड कशावरून करायची

परिषदेच्या हातात काय आहे, ते आधी वेगळं काढा. व्हिसा, ३० टक्के रूलिंग (परदेशातून आणलेल्या कर्मचाऱ्यांची करसवलत), आयकर, शाळेचा अभ्यासक्रम यातलं काहीही तिच्याकडे नाही. शेजारच्या स्किपोल विमानतळावरच्या विमानांची संख्याही देशाचं सरकार ठरवतं. अम्स्टेलफेनमधला प्रत्येक पक्ष आवाजाविरुद्ध बोलतो, त्यामुळे त्या मुद्द्यावर पक्षांमध्ये निवड करणं जमत नाही. परिषदेकडे आहे ते असं: नवी घरं कुठे आणि त्यांतली किती स्वस्त भाड्याची, पार्किंग परमिटचे दर, शाळांच्या इमारती, वाचनालय, क्रीडांगणं, आणि २०१५ पासून मुलांची-तरुणांची मदतसेवा व वृद्धांची घरपोच मदत. पैसा मुख्यतः केंद्राच्या निधीतून येतो. स्वतःच्या करांत मोठा घरपट्टीचा, तो घराच्या मालकाकडून घेतात. भाडेकरूला घरपट्टी नाही, कचऱ्याचा आकार मात्र आहे. त्यामुळे 'कर वाढवणार नाही' या वचनाची किंमत तुम्ही घर घेतलं आहे की भाड्यानं राहता, यावर ठरते.

स्टेमवाइझर किंवा कीसकॉम्पास ही पक्ष निवडायला मदत करणारी ऑनलाइन प्रश्नावली तुमच्या गावासाठी असेल तर भरा, पण तिथे पक्षांनी स्वतः दिलेली उत्तरं असतात. मतं नोंदवलेली असतात परिषदेच्या संकेतस्थळावर. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पाच्या बैठकीतले दुरुस्ती ठराव उघडा आणि तुमच्या दोन-तीन विषयांवर कोणत्या गटानं हात वर केला ते पाहा. भाषा डच असते, पण बाजूनं आणि विरोधात कोण, ही यादी भाषांतराच्या साधनातून नीट वाचता येते. तासाभराचं काम आहे, आणि जाहीरनाम्यांच्या ढिगापेक्षा ते जास्त सांगतं. ज्या गटानं तुमच्या विषयावर कधीच काही मांडलं नाही, त्याच्या यादीत ओळखीचं नाव असलं तरी थोडं थांबून विचार करा.

उमेदवारांची छापील यादी मतदानाच्या किमान ४ दिवस आधी घरी येते. तिच्यावर आपला स्तंभ आणि नाव खूण करून ठेवा, कारण केंद्रावरची ती मोठी पत्रिका उलगडून उभ्यानं शोधताना चुकीचा गोल भरला जाण्याची शक्यता असते. चुकलात तर तिथेच पत्रिका परत करून दुसरी मागता येते, पण एकदाच. आणि रात्री नऊनंतर मतमोजणी कुणालाही पाहता येते. तिथे निघालेल्या आकड्यांना गावच्या कोट्यानं भागून आपल्या यादीची शेवटची जागा आली की हुकली, याचा अंदाज अधिकृत निकालाच्या आधीच काढता येतो.